व्हायब्रेटरने जमिनीत सोडलेला संकेत कितपत अचूक? : तपासणीची पायरीवार पद्धत

भूकंपीय सर्वेक्षणात, म्हणजे जमिनीत लहरी सोडून खालचे खडक पाहण्याच्या कामात, सुरुंगाऐवजी व्हायब्रेटर (जमीन हलवणारे ट्रकवरचे यंत्र) वापरला की संपूर्ण नोंदीचा अर्थ एकाच गृहीतकावर उभा राहतो. ट्रकखालची बेसप्लेट बारा-पंधरा सेकंद जमीन हलवत असते, थेट आलेल्या आणि परावर्तित होऊन आलेल्या लहरी एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि त्या गुंत्यातून परावर्तने वेगळी काढण्यासाठी आपण नोंदीचा संदर्भ स्वीपशी (यंत्राने द्यावयाच्या, एका वारंवारतेपासून दुसरीपर्यंत सरकत जाणाऱ्या ठरीव संकेताशी) सहसंबंध काढतो, म्हणजे दोन्ही वेळेत सरकवत कोठे किती जुळतात ते पाहतो. जमिनीत गेलेला संकेत आणि संदर्भ स्वीप हे दोन्ही एकच आहेत, असे त्यात धरलेले असते. कॉनोको कंपनीच्या डॉटी आणि क्रॉफर्ड यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट १९५४ मध्ये मिळाले. तेव्हापासून नियंत्रक, रेडिओ आणि नोंदणी यंत्रे पार बदलली, पण हे गृहीतक तसेच राहिले आहे. ते प्रत्यक्ष तपासून कसे पाहावे, हा या लेखाचा विषय आहे.

नाशिक परिसरात ही तपासणी अधिक काटेकोर असावी लागते. जिल्ह्यात जवळजवळ सर्वत्र पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत, काही थरांच्या मध्ये तांबड्या मातीचे पट्टे आहेत, आणि वर कोठे मुरूम तर कोठे काळी माती आहे. अखंड बेसाल्टमध्ये लहरींचा वेग सेकंदाला ५ किलोमीटर किंवा त्याहून अधिक असू शकतो, तर सच्छिद्र थरांत आणि तांबड्या मातीत तो बराच कमी होतो. हा चढउतार वारंवार होत असल्याने ऊर्जा विखुरते, उच्च वारंवारता लवकर संपतात आणि बेसाल्टखालच्या गाळाच्या खडकांतून परत येणारे परावर्तन क्षीण असते. ते दिसावे म्हणून आपण अनेक व्हायब्रेटर एकत्र चालवतो, एका बिंदूवर अनेक स्वीप घेतो आणि कमी वारंवारतांवर भर देतो. प्रत्येक यंत्र तोच संकेत त्याच क्षणी देत असेल तरच या बेरजेला अर्थ राहतो.

आता मुख्य अडचण. प्रत्येक स्वीपनंतर व्हायब्रेटरचा नियंत्रक सरासरी फेज (संकेत संदर्भाच्या किती अंश पुढे-मागे आहे), कमाल फेज, डिस्टॉर्शन (संकेतात मिसळलेल्या नको असलेल्या वारंवारतांचे प्रमाण) आणि बल यांचे आकडे रेकॉर्डिंग गाडीकडे पाठवतो, आणि पडद्यावर सगळे हिरवे दिसले की काम पुढे सरकते. परंतु ज्या अ‍ॅक्सेलरोमीटरांच्या (त्वरण मोजणाऱ्या संवेदकांच्या) आधारे नियंत्रक व्हायब्रेटर चालवतो, त्यांच्याच आधारे तो हे आकडेही काढतो. परीक्षार्थीनेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार आहे. अ‍ॅक्सेलरोमीटरच चुकीचे मोजत असेल, तर नियंत्रक त्या चुकीच्या मापाला संदर्भाशी जुळवून घेतो आणि अहवालात शून्याजवळची फेज त्रुटी दाखवतो. नियंत्रकात भलताच स्वीप भरला गेला असेल, तरी त्या भलत्या स्वीपशी जुळणी उत्तमच येते. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारावा लागतो: हे माप व्हायब्रेटरच्या स्वतःच्या साखळीबाहेरून आलेले आहे का?

नेमके काय मोजायचे

जमिनीला मिळणारे बल थेट मोजणे अवघड असल्याने ते भारित बेरजेने काढतात. रिअ‍ॅक्शन मासचे (बेसप्लेटवर वर-खाली हलणाऱ्या जड ठोकळ्याचे) वस्तुमान गुणिले त्याचे त्वरण, अधिक बेसप्लेटचे वस्तुमान गुणिले तिचे त्वरण, आणि या बेरजेचे उलट चिन्ह म्हणजे भूबल. सॅलस यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात या राशीचे आणि खाली जाणाऱ्या दाबलहरीचे नाते सविस्तर मांडले. आजचे बहुतेक नियंत्रक याच राशीची फेज संदर्भ स्वीपशी बांधून ठेवतात.

या सूत्रात बेसप्लेट पूर्णपणे ताठ आहे असे मानलेले असते. कमी वारंवारतांवर ते बऱ्याच अंशी खरे ठरते, कारण तेथे बेसप्लेटचे त्वरण अल्प असते आणि जवळजवळ सगळे बल रिअ‍ॅक्शन मासच्या पदातून येते. वारंवारता वाढत गेली की बेसप्लेटचे पद मोठे होते आणि ते मासच्या पदाच्या विरुद्ध दिशेने जाऊ लागते. मग भूबल ही दोन मोठ्या संख्यांमधील लहान वजाबाकी उरते. अशा वजाबाकीत एका अ‍ॅक्सेलरोमीटरच्या संवेदनशीलतेत काही टक्क्यांचा फरक असला, तरी उत्तराचे परिमाण आणि फेज दोन्ही बिघडतात. शिवाय प्लेट वाकू लागते, आणि तिच्या एका कोपऱ्यावर बसवलेला अ‍ॅक्सेलरोमीटर संपूर्ण प्लेटचे प्रतिनिधित्व करीत नाही. स्वीपच्या वरच्या टोकाकडील आकड्यांवर कमी विश्वास ठेवण्याचे कारण हे आहे.

जागा, वेळ आणि यंत्राची तयारी

चाचणीसाठी सपाट, दबलेला मुरूम सर्वांत उत्तम. उघड्या कातळावर बेसप्लेट दोन-तीन उंचवट्यांवरच टेकते, डुलते, आणि डिस्टॉर्शन अवास्तव वाढते. पाऊस पडून गेलेल्या काळ्या जमिनीत ती रुतते आणि प्रत्येक स्वीपगणिक जमिनीचा ताठपणा बदलत जातो. निफाड-दिंडोरी भागात द्राक्षबागांमुळे शेतात शिरता येत नाही आणि प्रत्यक्ष कामातील बरेच बिंदू रस्त्यावर येतात. काळ्या मातीवर भराव टाकून केलेल्या रस्त्याचे वागणे मुरमाहून वेगळे असते, म्हणून मुख्य चाचणी मुरमावर झाल्यानंतर अशा रस्त्यावर आणि शेतातील बांधाजवळही काही स्वीप घेऊन ठेवावेत. ते उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्यासाठी वापरू नयेत. पुढे उत्पादनाच्या काळात आकडे बिघडलेले दिसले, तर दोष जमिनीचा की यंत्राचा हे ठरवायला त्यांचा आधार मिळतो.

वीजवाहिन्यांपासून दूर राहावे. एकलहरे वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांच्या खाली किंवा शेतातल्या पंपांच्या तारांजवळ लांब केबल पसरली की ५० हर्ट्झचा गुणगुणाट तीत शिरतो. आपल्या स्वीपमध्येही ५० हर्ट्झ येत असल्याने नेमक्या त्या ठिकाणी फेजच्या आलेखात खोटा काटा उभा राहतो आणि दिवसभर यंत्रात दोष शोधण्यात जातो. व्हायब्रेटर बंद ठेवून केबलची नुसती शांत नोंद आधी घेतली, तर हा काटा कोठून येतो ते लगेच कळते.

निफाडचा पारा हिवाळ्यात किती खाली जातो हे नाशिककरांना सांगायला नको. पहाटे हायड्रॉलिक तेल घट्ट असते आणि सर्व्हो व्हॉल्व्हचा (तेलाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेचा) प्रतिसाद मंद असतो. अशा वेळी घेतलेली चाचणी त्या पहाटेपुरतीच खरी असते. तेल निर्मात्याने सांगितलेल्या कार्यतापमानावर येईपर्यंत हलक्या बलाने सरावाचे स्वीप द्यावेत आणि प्रत्येक नोंदीसोबत तेलाचे तापमान लिहावे.

यानंतर यंत्राभोवती एक फेरी मारावी. अ‍ॅक्सेलरोमीटरचे बोल्ट, त्यांच्या केबलची टोके, एअरबॅगमधील दाब, अ‍ॅक्युम्युलेटरमधील नायट्रोजनचा पूर्वदाब, होजमधील गळती, मास मध्यभागी स्थिर राहतो का, आणि बेसप्लेटच्या खालच्या बाजूस चिकटलेला चिखल किंवा अडकलेला दगड, एवढे पाहावे. हे काम मेकॅनिकचे म्हणून सोडून देऊ नये. फेजच्या आलेखातील विचित्र उड्यांचे मूळ पुष्कळदा एखाद्या सैल बोल्टमध्ये सापडते.

पहिली पायरी : अ‍ॅक्सेलरोमीटर

स्थिर त्वरणही मोजू शकणारा अ‍ॅक्सेलरोमीटर असेल, तर गुरुत्वाकर्षण हे फुकटचे आणि खात्रीचे मापक आहे. तो सपाट पृष्ठभागावर सरळ ठेवून वाचन घ्यावे, मग उलटा ठेवून घ्यावे. दोन वाचनांतील फरक गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट यायला हवा. नाशिकचे अक्षांश आणि सुमारे ६०० मीटरची उंची लक्षात घेता येथील गुरुत्वत्वरण ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या आसपास आहे, म्हणजे अपेक्षित फरक सुमारे १९.५७. दोन वाचनांची सरासरी शून्यापासून किती सरकली आहे, त्यावरून शून्यविचलन कळते. आडवा ठेवल्यावर वाचन शून्याजवळ यावे. न आल्यास संवेदन अक्ष तिरका आहे किंवा बैठक वाकडी आहे.

फक्त बदलते त्वरण मोजणारा प्रकार असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा मापांकित अ‍ॅक्सेलरोमीटर त्याच्या शेजारी घट्ट बसवून एक स्वीप घ्यावा आणि दोन्ही नोंदींचे गुणोत्तर प्रत्येक वारंवारतेवर पाहावे. गुणोत्तर सर्वत्र सारखे पण १ पेक्षा वेगळे असेल तर संवेदनशीलता चुकली आहे. वारंवारतेनुसार बदलत असेल तर बैठक, केबल किंवा संवेदक बिघडला आहे. मासवरील आणि प्लेटवरील संवेदक एकाच प्रकारचे असल्यास त्यांची अदलाबदल करून पुन्हा स्वीप घ्यावा. दोष संवेदकाबरोबर दुसऱ्या जागी गेला तर संवेदक बदलावा, जागीच राहिला तर वायरिंग तपासावे.

नियंत्रकात भरलेली वस्तुमाने हीही याच टप्प्यावर पाहायची गोष्ट आहे. दुरुस्तीत बेसप्लेट बदलली, तिला जाड पट्ट्या वेल्ड केल्या, आणि नियंत्रकातला आकडा जुनाच राहिला, तर भारित बेरीज कायमची चुकते आणि ती चूक कोणत्याही स्वयंचलित अहवालात दिसत नाही.

दुसरी पायरी : केबलने केलेली तुलना

हा संपूर्ण तपासणीचा गाभा आहे आणि घाई करायची झाली तर ती येथे कधीही करू नये. व्हायब्रेटर रेकॉर्डिंग गाडीजवळ आणून त्याचे संकेत केबलने थेट नोंदणी यंत्राच्या सहायक चॅनेलवर घ्यायचे असतात. मध्ये रेडिओ नसतो, त्यामुळे त्याचा विलंब आणि त्याची फिल्टरही नसतात.

सुरुवात चॅनेलपासून करावी. एकच संकेत सर्व सहायक चॅनेलना एकाच वेळी द्यावा आणि नोंदी एकमेकींतून वजा कराव्यात. बाकी शून्याजवळ आली पाहिजे. चॅनेलची गेन किंवा फिल्टर वेगवेगळी असतील तर ते येथेच उघड होते. ही पायरी गाळली, तर नोंदणी यंत्राचा दोष पुढे व्हायब्रेटरच्या माथी बसतो.

त्यानंतर बेसप्लेट उचललेली ठेवून, जमीन न हलवता, व्हायब्रेटरच्या नियंत्रकाने निर्माण केलेला संदर्भ स्वीप आणि रेकॉर्डिंग गाडीतील संदर्भ स्वीप शेजारी शेजारी नोंदवावेत. दोन्हींची सुरुवात एका नमुन्याच्या आत जुळावी, आणि सुरुवातीची वारंवारता, शेवटची वारंवारता, कालावधी, टेपर (दोन्ही टोकांना बल हळूहळू चढवणे-उतरवणे) व ध्रुवता (संकेताचे धन-ऋण चिन्ह) सर्व सारखे असावे. समजा कामाचा स्वीप ६ ते ८० हर्ट्झ, १२ सेकंद आहे आणि एका यंत्रात ८ ते ८० हर्ट्झ भरला गेला आहे. हे यंत्र रोज उत्तम आकडे पाठवील, कारण ते स्वतःच्या संदर्भाशी तंतोतंत जुळलेले असेल. चूक पकडली जाते ती याच तुलनेत. दोन नोंदी वजा केल्यावर उरलेली बाकी डोळ्यांनी पाहावी. नुसता सहसंबंधाचा आकडा पाहून पुढे जाऊ नये, कारण लहान फरक त्यात सहज लपतात.

मग प्लेट खाली टेकवून, कामाच्याच स्वीपने आणि कामाच्याच बलपातळीवर, संदर्भ, मासचे त्वरण, प्लेटचे त्वरण आणि नियंत्रकाने काढलेले भूबल अशा चार नोंदी घ्याव्यात. एकाच जागी लागोपाठ काही स्वीप घ्यावेत, कारण पहिल्या एक-दोन स्वीपमध्ये जमीन दबते आणि नियंत्रकही जमिनीचा ताठपणा व अवमंदन (कंप शोषून घेण्याची क्षमता) ओळखून स्वतःला जुळवून घेत असतो. त्यानंतर एक स्वीप बऱ्याच कमी बलावर घ्यावा. कमी बलावर त्रुटी नाहीशी झाली तर कारण हायड्रॉलिक मर्यादेत किंवा जमिनीच्या संपर्कात आहे. तेवढीच राहिली तर ते इलेक्ट्रॉनिक्समध्ये शोधावे.

भूबलाची नोंद तयार मिळाली तरी ती मासच्या आणि प्लेटच्या कच्च्या नोंदींवरून आपण स्वतः पुन्हा काढावी. त्यासाठी नियंत्रकातील वस्तुमान न वापरता यंत्राच्या कागदपत्रांतील वस्तुमान वापरावे. दोन भूबले जुळली नाहीत, तर आधी उल्लेख केलेला वस्तुमानाचा किंवा संवेदनशीलतेचा घोळ येथे सापडतो.

ठेकेदाराकडून चाचणीच्या नोंदी घेताना सर्व स्वीपच्या नोंदी मागाव्यात. दहा वेळा घेऊन सर्वांत देखणा आलेख अहवालात लावण्याची सवय या व्यवसायात नवी नाही, आणि उरलेल्या नऊ आलेखांत बरीच माहिती असते.

तिसरी पायरी : फेजच्या आलेखाचे वाचन

संदर्भ आणि भूबल यांच्या फेजमधील फरक वारंवारतेनुसार काढला की त्या रेषेचा आकारच निदान सांगतो. सरासरी फेजचा एकच आकडा पाहणाऱ्याला हे निदान मिळत नाही, म्हणून आलेखाशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मानू नये.

फेज त्रुटी शून्यापासून सुरू होऊन वारंवारतेबरोबर सरळ रेषेत वाढत असेल, तर तो वेळेचा फरक आहे. १ मिलिसेकंदाचा फरक १० हर्ट्झला ३.६ अंश दिसतो आणि ८० हर्ट्झला २८.८ अंश. रेषेच्या उतारावरून विलंब थेट काढता येतो, आणि त्याचे कारण सुरुवातीच्या क्षणात, संदर्भ निर्मितीत किंवा एखाद्या फिल्टरमध्ये असते. त्रुटी सर्व वारंवारतांवर सारखीच असेल तर नियंत्रकातील फेज सेटिंग किंवा वेगळ्या राशीशी केलेली फेजबांधणी तपासावी. १८० अंश आली तर वायर उलट जोडली आहे. त्रुटी केवळ वरच्या टोकाला वाढत असेल तर प्लेटचे वाकणे, सर्व्हो व्हॉल्व्हची मर्यादा किंवा अ‍ॅक्सेलरोमीटरच्या संवेदनशीलतेतील फरक यांचा विचार करावा. केवळ खालच्या टोकाला वाढत असेल तर मासचा प्रवास किंवा पंपाचा प्रवाह अपुरा पडत आहे. मध्येच एखाद्या वारंवारतेवर उडी असेल आणि ती दुसऱ्या जागीही तेथेच राहिली तर यंत्रातील सैल भाग शोधावा. जागा बदलल्यावर उडीही सरकली तर जमीन आणि प्लेट यांचे अनुनादन त्यास कारणीभूत आहे. स्वीपच्या दोन्ही टोकांच्या टेपरमध्ये बल फार कमी असल्याने तेथील फेज विचारात घेऊ नये.

ही त्रुटी किती महत्त्वाची, हे हिशेबाने पाहावे. १० अंशांच्या फेज त्रुटीमुळे बेरजेतील हानी फारच कमी असते, कारण १० अंशांची कोज्या ०.९८५ आहे. यावरून काही जण अशा त्रुटीकडे दुर्लक्ष करतात, आणि ते मला पटत नाही. त्रुटी स्थिर असेल तर तिच्यासाठी सुधारणा करता येते; परंतु ती यंत्रागणिक आणि दिवसागणिक बदलत असेल, तर प्रत्येक बिंदूवर लहरीचा आकार थोडा वेगळा होतो, आणि बेसाल्टखालच्या क्षीण परावर्तनांमध्ये हा फरक भूगर्भातला फरक म्हणून वाचला जाण्याचा धोका राहतो. ध्रुवतेची चूक मात्र लगेच महागात पडते. चार व्हायब्रेटरपैकी एक उलटा चालला तर तीन वजा एक म्हणजे दोनच यंत्रांचे बल उरते. चार गाड्यांचे डिझेल जळते आणि आयाम निम्मा, म्हणजे ६ डेसिबलने कमी मिळतो.

मर्यादा किती ठेवाव्यात हे करारात लिहिलेले असते आणि तेच अंतिम. सरासरी फेज ५ अंशांच्या आत असावी, अशा स्वरूपाच्या अटी सर्रास आढळतात.

चौथी पायरी : बल आणि डिस्टॉर्शन

प्लेटवर दाबून ठेवलेले वजन ही बलाची वरची मर्यादा आहे. समजा हे वजन २८० किलोन्यूटन आहे आणि स्वीप ७० टक्के पातळीवर चालवायचा आहे. म्हणजे कमाल बल १९६ किलोन्यूटन असावे. क्षणिक बल दाबून ठेवलेल्या वजनाच्या जवळ गेले की प्लेट जमिनीवरून सुटू लागते, आपटते, आणि नोंदीत तीव्र काटे दिसतात. येथे मूलभूत वारंवारतेचे बल आणि एकूण कमाल बल वेगवेगळे पाहावे. डिस्टॉर्शन जास्त असेल तर मूलभूत बल मर्यादेत असूनही एकूण बल वजनाच्या पलीकडे जाऊ शकते.

कमी वारंवारतांवर दुसरी मर्यादा आडवी येते, ती मासच्या प्रवासाची. मासचे वस्तुमान ४००० किलो आणि मध्यापासून उपलब्ध प्रवास ५ सेंटिमीटर धरला, तर ५ हर्ट्झला जास्तीत जास्त सुमारे १९७ किलोन्यूटन बल मिळते, २.५ हर्ट्झला केवळ ४९ किलोन्यूटन, म्हणजे वारंवारता निम्मी झाल्यावर बल एक चतुर्थांश. त्यामुळे वरच्या उदाहरणातील यंत्राला ५ हर्ट्झच्या खाली ७० टक्के बल मागणे व्यर्थ आहे. तसे मागितले तर मास टोकाला जाऊन अडतो आणि मूलभूत संकेताऐवजी हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटींतील संकेत) वाढतात. बेसाल्टखाली पाहण्यासाठी कमी वारंवारता हव्या असतील, तर तेथे बल कमी करून स्वीप अधिक वेळ रेंगाळेल अशी आखणी करावी, आणि चाचणीत त्या पहिल्या काही सेकंदांचे डिस्टॉर्शन स्वतंत्रपणे काढावे. संपूर्ण स्वीपच्या सरासरीत ते बुडून जाते.

हार्मोनिक कोठे जाऊन पडतात हेही हिशेबाने कळते. ६ ते ८० हर्ट्झच्या १२ सेकंदांच्या रेषीय स्वीपचा वेग सेकंदाला ६.१७ हर्ट्झ आहे. यंत्र २० हर्ट्झवर असताना त्याचा दुसरा हार्मोनिक ४० हर्ट्झचा असतो, पण संदर्भ स्वीप ४० हर्ट्झला त्यानंतर ३.२४ सेकंदांनी पोहोचतो. सहसंबंधानंतर ही ऊर्जा मुख्य शिखराच्या ३.२४ सेकंद आधी दिसते, म्हणजे चढत्या स्वीपमध्ये ती ऋण काळात जाते. उतरत्या स्वीपमध्ये ती धन काळात, थेट परावर्तनांवर येऊन बसते. चढता स्वीप वापरला तरी एकमेकांवर चढणारे (आधीची नोंद संपण्याआधीच पुढचा सुरू होणारे) स्वीप घेतले, तर पुढच्या स्वीपचे हार्मोनिक आधीच्या नोंदीत शिरतात. अशा कामात डिस्टॉर्शनची मर्यादा नेहमीपेक्षा कडक ठेवावी.

पाचवी पायरी : वेळ आणि रेडिओ

केबलची चाचणी पार पडली की यंत्रे कामाच्या अंतरावर पाठवून रेडिओमार्गे तीच तुलना करावी. रेडिओतून परत येणाऱ्या संकेतात स्वतःचा विलंब असतो, त्यामुळे येथील फेजवरून व्हायब्रेटर चांगला की वाईट हे ठरवू नये. केबल चाचणीनंतर लगेच घेतलेली रेडिओ नोंद हा आधार मानावा आणि रोजची नोंद त्याच्याशी ताडावी. आधारापासून सरकलेला व्हायब्रेटर पुन्हा केबलवर घ्यावा. चांदवडच्या डोंगररांगांच्या आड किंवा त्र्यंबकच्या बाजूला रेडिओ अडतो तेव्हा पुनःप्रक्षेपक मध्ये घालावा लागतो. त्याचा विलंब वेगळा मोजून ठेवावा.

जीपीएसची वेळ वापरणाऱ्या यंत्रांत सुरुवातीचा क्षण रेडिओवर कमी अवलंबून असतो, तरीही तो तपासावा. स्वतंत्र जीपीएस घड्याळ असलेला छोटा नोंदणी संच प्लेटवर लावून स्वीपची सुरुवात मोजली, तर व्हायब्रेटरच्या साखळीबाहेरचे उत्तर मिळते.

सहावी पायरी : बाहेरचे साक्षीदार

लोड सेल (बल मोजणारे संवेदक) प्लेटखाली ठेवून घेतलेले माप हे भारित बेरजेची थेट परीक्षा घेते, कारण ते बल प्रत्यक्ष संपर्कपृष्ठावर मोजते. मांडणी खर्चिक आणि वेळखाऊ असल्याने रोज करता येत नाही, पण प्रकल्पाच्या आरंभी एका यंत्रावर तरी करावी. सेल प्लेटभर पसरलेले असावेत आणि त्यांची बेरीज घ्यावी. लोड सेल आणि भारित बेरीज कोणत्या वारंवारतेपर्यंत जुळतात हे एकदा कळले, की त्या यंत्राच्या फेज अहवालावर कोठपर्यंत विसंबायचे तेही ठरते. लोड सेल न मिळाल्यास प्लेटच्या मध्याजवळ आणि कोपऱ्यांजवळ अनेक अ‍ॅक्सेलरोमीटर लावून त्यांच्यातील फरक पाहावा. तो ज्या वारंवारतेपासून वाढू लागतो तेथून प्लेट ताठ राहिलेली नसते.

कोरड्या पडलेल्या बोअरवेल या भागात पुष्कळ आहेत. मालकाच्या संमतीने अशा एखाद्या बोअरमध्ये जिओफोन (जमिनीची हालचाल मोजणारा संवेदक) भिंतीला घट्ट धरून बसवला आणि सर्व व्हायब्रेटरांना एकाच खुणेवर आळीपाळीने उभे केले, तर जमिनीत गेलेल्या संकेताची तुलना अगदी प्रामाणिक होते. दूरच्या क्षेत्रात कणांचे विस्थापन भूबलाच्या प्रमाणात असते आणि जिओफोन वेग मोजतो, म्हणून नोंदीत ९० अंशांचा फरक दिसेल. त्याशिवाय लहरीला बोअरपर्यंत पोहोचायला लागलेला वेळ आणि जिओफोनचा स्वतःचा प्रतिसाद त्यात मिसळलेला असतो. येथे निरपेक्ष फेज शोधू नये, यंत्रायंत्रांतील फरक तेवढा पाहावा. प्लेटच्या अगदी शेजारी जमिनीत रोवलेला जिओफोन मात्र फारसा उपयोगी पडत नाही, कारण तेथे जवळच्या क्षेत्राची आणि पृष्ठलहरींची सरमिसळ असते.

रोजची नोंद

काम सुरू झाल्यावर प्रत्येक स्वीपचे आकडे साठवावेत आणि ते दिवसाच्या अखेरीस यंत्रनिहाय, जागेनिहाय आलेखात पाहावेत. एखाद्या बिंदूवर सर्वच व्हायब्रेटरांचे डिस्टॉर्शन वाढले तर जमीन बदलली आहे. सर्व बिंदूंवर एकाच व्हायब्रेटरचे वाढत गेले तर ते यंत्र बाजूला घ्यावे, मग त्याचा आकडा मर्यादेच्या आत असो वा नसो. कमाल फेज हळूहळू चढत जाणे हे सर्व्हो व्हॉल्व्ह झिजल्याचे किंवा तेल दूषित झाल्याचे नेहमीचे लक्षण आहे. होज किंवा फिटिंग सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून बदलून आणता येतात. अ‍ॅक्सेलरोमीटर, सर्व्हो व्हॉल्व्ह, नियंत्रक, रेडिओ किंवा सॉफ्टवेअर यांपैकी काहीही बदलले, तर त्या यंत्राची केबल चाचणी पुन्हा झाल्याशिवाय त्याला ओळीत उभे करू नये. काहीच बदलले नाही तरी ठरावीक मुदतीने ती करावी.

दोष उशिरा सापडला, तर त्या यंत्राने शेवटची केबल चाचणी पार केल्यापासूनच्या सर्व नोंदी संशयित धराव्यात. यासाठी सहसंबंध न काढलेल्या मूळ नोंदी आणि प्रत्येक स्वीपचे मास व प्लेट यांचे त्वरण जपून ठेवलेले असावे लागते. ते असेल, तर चुकीचे वस्तुमान किंवा चुकीची संवेदनशीलता सुधारून भूबल पुन्हा काढता येते आणि संदर्भ स्वीपऐवजी त्याच्याशी सहसंबंध काढून बरीचशी नोंद वाचवता येते. मात्र अनेक व्हायब्रेटर एकाच वेळी चालले असतील तर त्यांचे संकेत नोंदीत मिसळलेले असतात; तेव्हा दोषी यंत्राचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि किती बिंदू पुन्हा घ्यायचे हे करारातील अटी पाहून ग्राहकाबरोबर बसूनच ठरवावे लागते.